आमच्याकडे झालेलं दिसतंय

मी एक चौकोन बोलतोय. फोनवरच्या कामांच्या यादीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बसलेला, नखाएवढा. तुम्ही माझ्यावर बोट टेकवलंत की माझ्या पोटात टिक उमटते, मी हिरवा होतो आणि तुम्ही ‘सुटलो बुवा’ म्हणत पुढच्या ओळीकडे वळता. मागे वळून माझ्याकडे कुणी बघत नाही. बघितलं असतं तर माझी मान खाली गेलेली दिसली असती. चौकोनाला कसली आलीय मान, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. पण लाज वाटायला मान असावी लागत नाही, हे मला चांगलंच कळलंय.

माझा जन्म एका लहानशा ऑफिसात झाला. तिथे दोन माणसं दिवसभर माझ्यावरून भांडत आणि डबा मात्र एकत्र खात. एक होती माझं रूप ठरवणारी डिझायनर. तिला सगळे चष्मेवाली म्हणत. दुसरा मला चालता करणारा प्रोग्रामर, तो दाढीवाला. माझे कोपरे टोकदार असावेत की गोलसर, यावर त्यांचा एक अख्खा आठवडा गेला. टिक किती जाड असावी, ती उमटताना आवाज यावा का, आला तर ‘टक’ यावा की ‘टुक’, यावर तर दाढीवाला एकदा रागाने उठून जिन्यात जाऊन बसला होता. लाडाकोडात वाढलो म्हणायला हरकत नाही.

दाढीवाल्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नसत. त्याला दोन्ही चिखलासारखेच. म्हणून चष्मेवालीने ठरवलं की नुसत्या रंगावर भागवायचं नाही, आकारही वेगळे ठेवायचे. काम बाकी असेल तर मी रिकामा, झालं असेल तर पोटात टिक, आणि काम हाती घेतलंय पण पुरं झालेलं नाही, तर मधोमध एक आडवी रेघ.

“रेघ कशाला?” दाढीवाला म्हणाला. “काम एक तर होतं, नाही तर होत नाही.”

“दूध गॅसवर ठेवलंय,” ती म्हणाली. “तापलं का? नाही. मग ठेवलंच नाही का? तेही नाही. अशा वेळी जो ‘झालं’ म्हणून निघून जातो ना, त्याच्याच घरी दूध उतू जातं.”

दाढीवाला हसला आणि त्याने मला रेघ दिली. माझ्या अंगात जे काही शहाणपण होतं, ते त्या रेघेत होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला आपलं हिरवं व्हायला आवडायचं.

मग लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीने आमचं ॲप घेतलं. तिथल्या मालकांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना घाई फार. चष्मेवाली त्यांना माझे तीन प्रकार समजावून सांगत होती, तर त्यांनी तिला मध्येच तोडलं.

“अहो, ही रेघबिघ नको. रेघ दिली की सगळी कामं रेघेवरच राहतील. मला हो की नाही, एवढंच सांगा. आणि झालेली कामं समोर नकोत. झालं की ओळ गायब. स्क्रीन कशी स्वच्छ दिसली पाहिजे!”

चष्मेवालीने दाढीवाल्याकडे बघितलं. तो खाली बघत होता. दुसऱ्या दिवशी माझी रेघ काढून टाकली गेली, आणि टिक केल्यावर ओळ सरकत सरकत दिसेनाशी व्हावी अशी सोय झाली. फार सुंदर सरकत असे ती. लोकांना बघायला मजा वाटे. मला त्या दोघांचा राग नाही. चष्मेवाली आता दुसरीकडे काम करते. पुढे जे झालं ते तिच्या कानावर गेलेलं नाही, आणि जाऊ नये असं मला कधी वाटतं, कधी जायलाच हवं असंही वाटतं.

कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर एक मोठा टीव्ही होता. रोज संध्याकाळी सगळे मेकॅनिक कामावरून परत आले की साहेब त्या टीव्हीवर आम्हा सगळ्या चौकोनांना मांडत, फोनवरून सरकून गेलेल्यांनाही. ज्याची वेळ टळून गेली तो लाल. साहेब लाल ओळी मोठ्याने वाचत, आणि ज्याच्या नावावर लाल असेल त्याने उभं राहून कारण सांगायचं. बाकीचे बसून ऐकणार. शिक्षा काहीच नव्हती, कुणाचा पगार कापला जात नव्हता. नुसतं उभं राहायचं. पण नातवंडं असलेल्या माणसांना शाळेतल्या पोरासारखं सगळ्यांसमोर उभं राहणं किती झोंबतं, हे मी त्या टीव्हीवरून रोज बघत होतो.

त्यावर एक तोड निघाली. आधी टिक, मग काम. बैठकीला येता येता जिन्यातच सगळी मंडळी फोन काढत आणि टुक टुक टुक करत मला हिरवा करत. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा उरकायचं. ही युक्ती काढली मामांनी. मामा म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक. सगळे त्यांना मामाच म्हणत, साहेबसुद्धा. मामा कामचुकार नव्हते, उलट कामाला वाघ. टिक खोटी केली की खरं उरलेलं काम ते बॉलपेनने तळहातावर लिहून ठेवत आणि सकाळी हात बघून आधी तिकडे जात. बाकीचेही बघून बघून तसंच करू लागले. म्हणजे बघा, माझ्यावर एवढी मेहनत झाली, आवाज निवडले, रंग निवडले, आणि खरी यादी मात्र माणसांच्या तळहातावर! मला ते कळत होतं. पण कामं होत होती, लिफ्ट चालत होत्या, म्हणून मी गप्प बसलो. बोलता येत असतं तरी गप्पच बसलो असतो, असं आता वाटतं.

एके दिवशी मामा एका जुन्या इमारतीत गेले. तिथल्या लिफ्टच्या दाराचा लॉक नीट बसत नव्हता. दार उघडं असताना लिफ्ट हलली तर माणसाचा जीव जायचा, म्हणून त्यांनी लिफ्ट बंद केली आणि ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी लावली. नवा लॉक कंपनीच्या स्टोअरमध्ये होता. बैठकीची वेळ होत आली होती. मामांनी जिना उतरता उतरता मला टिक केलं, ओळ सुरेख सरकत गेली, आणि त्यांनी तळहातावर इमारतीचं नाव लिहिलं.

वाटेत त्यांच्या स्कूटरची चेन निसटली. ती बसवताना हात काळेकुट्ट झाले. ऑफिसात पोचल्यावर त्यांनी नळाखाली कपड्याच्या साबणाने खसाखसा घासून हात धुतले, अगदी लख्ख. बैठकीत साहेबांनी त्यांच्या नावाची एकही ओळ वाचली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच साहेबांचा फोन आला, की परस्पर दुकानांच्या नव्या इमारतीकडे जा, तिथे लिफ्ट बसवायचं मोठं काम आहे. मामा गेले. त्या लिफ्टच्या खड्ड्यात फोनला रेंज नव्हती. तळहातावर काही नव्हतं, आणि फोनमधून ती ओळ मीच दिसेनाशी केली होती. मग मामांना आठवावं तरी कशावरून?

त्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक म्हातारे शिंपीकाका आणि काकू राहत. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. घरातल्या घरात ते वॉकर धरून चालत, पण जिना उतरायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती.

काकूंनी कंपनीत फोन केला. तिथे फोनवर बसायच्या त्यांना सगळे वहिनी म्हणत. गोड बोलणाऱ्या, सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी समोरच्या कॉम्प्युटरवर इमारत शोधली, झालेल्या कामांच्या ढिगातून मला बाहेर काढलं, आणि मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. हिरवागार.

“काकू, आमच्याकडे झालेलं दिसतंय.”

“अहो, पण लिफ्ट बंदच आहे. पाटीसुद्धा तशीच लटकतेय.”

“पाटी काढायची राहिली असेल. आणि कुणीतरी कुठल्यातरी मजल्यावर दार उघडं टाकलं असेल. नेहमी असंच होतं बघा. एकदा सगळी दारं बघून घ्या ना.”

काकू गुडघ्यांवर हात ठेवत प्रत्येक मजल्यावर जाऊन दारं बघून आल्या. सगळी बंद होती. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, तेव्हा वहिनी जरा घुटमळल्या. तक्रार पुन्हा उघडायची तर साहेबांची परवानगी लागे. शिवाय ती उघडली की लाल होऊन मामांच्या नावावर लागे आणि संध्याकाळी मामांना उभं राहावं लागे. एवढ्या मोठ्या माणसाला उगाच कशाला उभं करायचं, असं वहिनींच्या मनात आलं. आणि समोर मी होतोच, हिरवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना धीर आला. त्या धीराचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. जिवंत बाई फोनवर सांगतेय की लिफ्ट बंद आहे, आणि तिच्यापेक्षा माझा शब्द खरा ठरला!

“आज पुन्हा एकदा बघा काकू,” वहिनी म्हणाल्या. “मेन स्विच बंद करून चालू केलात तर होईल कदाचित.”

त्यानंतर काकूंचा फोन आला तो एका सकाळी, ऑफिस उघडतं न उघडतं तोच. आवाज अगदी शांत होता.

“बाई, यांचे थोरले भाऊ दवाखान्यात आहेत. आज काही खरं नाही म्हणून पुतण्याचा फोन आला. हे कपडे करून दाराशी खुर्चीत बसलेत. यांना खाली न्यायचंय हो. तुम्ही फक्त एक माणूस पाठवा.”

“काकू, माझ्यासमोर तर हिरवं...” वहिनी बोलायला लागल्या.

“तुमच्यासमोर हिरवं असेल,” काकू म्हणाल्या. “माझ्यासमोर जिना आहे.”

वहिनींनी लगेच मामांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. साहेब बाहेरगावी गेले होते आणि बाकीचे मेकॅनिक आपापल्या कामावर निघाले होते. ज्याला त्याला वहिनी फोन करत होत्या, पण कुणी आलं असतं तरी नवा लॉक स्टोअरमध्ये होता, आणि स्टोअरची चावी मामांकडे होती. मी त्यांच्यासमोर तसाच होतो. त्यांनी चिडून माझ्यावर क्लिक केलं, पुन्हा केलं, पण परवानगीशिवाय मला लाल होता येत नव्हतं. माझं खरं रूप दाखवायलाही मला कुणाची तरी सही लागत होती, इतकी माझी लायकी.

तिकडे शेजारचे दोघे काकांना खुर्चीसकट उचलून न्यायला आले. पहिल्याच वळणावर खुर्ची कलली आणि काका कळवळून ओरडले. त्यांना परत वर आणलं. मग पुतण्याने दवाखान्यातून फोन लावून तो थोरल्या भावाच्या कानाशी धरला. या भावानेच काकांना सुई धरायला शिकवली होती. आयुष्यभर दोघांची मशीन्स एकाच दुकानात समोरासमोर होती. दिवसभर खडखडाट चालायचा, त्यात बोलणं असं फारसं झालंच नव्हतं. काका एवढंच म्हणाले, “दादा, मी खाली उतरतोय. आलोच.”

मामांनी दुपारी जेवायला म्हणून बाहेर येऊन फोन बघितला. वहिनींचं बोलणं ऐकता ऐकता त्यांनी आपला तळहात उघडून बघितला, मिटला, आणि डबा तसाच टाकून ते निघाले. लॉक घेऊन ते इमारतीत पोचले आणि लिफ्ट सुरू करायला त्यांना चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ते वर गेले तेव्हा दार उघडंच होतं. काका बूट घालून खुर्चीत बसले होते. पुतण्याचा पुन्हा फोन येऊन गेला होता. आता घाई करायचं कारण उरलं नव्हतं.

संध्याकाळी साहेब परत आले. बैठक भरली. साहेबांनी टीव्ही लावला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! आज एकही लाल नाही. शाब्बास रे सगळ्यांनो.”

त्या भिंतीवर आम्ही सगळे हिरवे होतो, ओळीने, एकसारखे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडदा फाटून आत घेईल तर बरं, असं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून वहिनी उठल्या. बैठकीत त्यांना कधीच उभं राहावं लागत नसे, कारण त्यांच्या नावावर कामच नसे.

“साहेब, मला उभं राहायचंय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. दारं बघायला लावली तेही, मामांसाठी तक्रार उघडली नाही तेही. त्यांनी काही हातचं राखलं नाही. त्यांचं होण्याआधीच मामाही उठून उभे राहिले. मग आणखी एक जण उठला, मग त्याच्या शेजारचा. ज्यांनी कधी ना कधी जिन्यात मला खोटं हिरवं केलं होतं ते सगळे उभे राहिले. बसलेले एकटे साहेब उरले.

“पण... आता झालंय ना काम?” साहेब हळूच म्हणाले. साहेबांनी टीव्हीकडे बघितलं, मग उभ्या असलेल्या माणसांकडे, आणि आपल्याच हाताने टीव्ही बंद केला.

काही दिवसांनी वहिनी आणि मामा काकांकडे गेले. लिफ्ट चालू होती तरी दोघं जिन्याने गेले. लिफ्टने जायचं त्यांना सुचलंच नाही, किंवा धजावलं नाही. वहिनींनी साहेबांची परवानगी घेऊन ती तक्रार पुन्हा उघडली होती. मी त्यांच्या फोनमध्ये होतो. लाल, रिकामा.

काकूंनी पाणी दिलं. कुणी कुणावर चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं, मामांना निदान बोलायला काही मिळालं असतं. ते नुसते तळहात चोळत बसले.

“काका, माफी मागायला तोंड नाही,” वहिनी म्हणाल्या. “पण एवढं करा. यापुढे काम झालं की नाही ते आम्ही नाही ठरवणार. ज्याच्या दारात काम आहे तोच ठरवेल. साहेबांनी कबूल केलंय. तर ही पहिली टिक तुम्हीच करा.” आणि त्यांनी फोन पुढे केला.

काकांनी चष्मा लावला. मला जवळून, शिलाई तपासावी तसं निरखून बघितलं. एवढं निरखून मला कुणी कधी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आता हे बोट टेकवतील, मी हिरवा होईन, आणि या सगळ्यातून माझी सुटका होईल. हो, त्या क्षणीही मला माझ्याच सुटकेची पडली होती.

“टिक केली की काय होतं?” काकांनी विचारलं.

“ओळ निघून जाते, काका. झालेल्या कामांत.”

“मग दिसत नाही?”

“नाही.”

काकांनी फोन वहिनींच्या हातात परत दिला. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

“मग राहू दे,” ते म्हणाले.

मामांनी तोंड फिरवलं. वहिनींनी फोन पर्समध्ये ठेवला आणि दोघं जिन्याने खाली उतरले.

म्हणून मी अजून रिकामा आहे. टीव्हीवर सगळ्यात वर, लाल. माझ्याखाली रोज नव्या ओळी येतात, त्यांतल्या लोकांच्या दारात जाऊन त्यांना विचारून टिक होतात आणि सरकत निघून जातात. मी जात नाही. नवीन आलेल्या मेकॅनिकने एकदा विचारलं, “ही जुनी ओळ काढून टाकू का?” तर साहेबच म्हणाले, “नको. तिला हात लावू नकोस.” रोज संध्याकाळी माझी ओळ आली की ते स्वतः उठून उभे राहतात. थोडा वेळ उभे राहतात आणि बसतात.

आता मला यातून सुटायचं नाही. माझ्यासारखे चौकोन तुमच्याही फोनमध्ये आहेत, दिसायला गोंडस, आवाज गोड, हिरवं व्हायला एका पायावर तयार. त्यांच्यावर बोट टेकवण्याआधी फार काही करू नका. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, एवढं एकदा आठवा. तो माणूस कदाचित सकाळपासून बूट घालून दाराशी बसलेला असेल.